अमेरिकेत सणांच्या दिवसांत मोफत शिधा आणि मुलांसाठी भेटवस्तू कशा मिळवाव्यात?

चाफेकळी | ९ नोव्हेंबर

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. ऑगस्टमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. बेकारभत्ता सुरू आहे आणि मी एका दुकानात अर्धवेळ काम करते, परंतु घरभाडे व विम्याचे हप्ते गेल्यावर किराण्यासाठी जे उरते ते विसाव्या तारखेच्या पुढे जात नाही. मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा तीन वर्षांचा असून त्याचा जन्म इथलाच आहे. बाकी आम्हा तिघांना ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षे झाली.

दिवाळी घरच्या घरी चिवडा आणि बेसनाच्या लाडवांवर निभावली व मुलांना काही जाणवले नाही. आता नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आणि नाताळ येत आहेत. नाताळच्या सुटीत शाळेतले दुपारचे जेवणही बंद होईल, आणि मुलीने सांताला लिहिण्याच्या पत्राचा मसुदा आत्तापासूनच तयार ठेवला आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मोफत धान्य-भाजी नेमकी कुठे मिळते आणि तिथे काय विचारतात? मुलांसाठी भेटवस्तू देणाऱ्या संस्था कोणत्या? आणि यातले काही घेतल्याने पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा येते का? हा धागा काढण्याचा धीर गोळा करायला दोन आठवडे लागले आहेत, त्यामुळे उपदेश थोडा कमी करून माहिती जास्त दिलीत तर आभारी राहीन.

टपालपेटी | ९ नोव्हेंबर

सर्वांत आधी फोनवरून २-१-१ फिरवा. अमेरिकेच्या संचार आयोगाने २००० साली हा क्रमांक याच कामासाठी राखून ठेवला. पलीकडचा माणूस तुमचा पिन कोड विचारतो आणि जवळच्या पॅन्ट्रीचे, म्हणजे मोफत शिधा वाटणाऱ्या केंद्राचे, वार, वेळा आणि सणापुरत्या नोंदणीच्या जागा सांगतो. तुमचे नाव सांगण्याचीही गरज नसते.

रानजाई | ९ नोव्हेंबर

मी सहा वर्षे एका पॅन्ट्रीत दर शनिवारी काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

फूड बँक आणि फूड पॅन्ट्री या दोन शब्दांत आपल्या लोकांची नेहमी गल्लत होते. फूड बँक म्हणजे कोठार. देशात अशी सुमारे दोनशे मोठी कोठारे ‘फीडिंग अमेरिका’च्या जाळ्यात आहेत, आणि तुमच्या भागाला पुरवठा करणारी ‘कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी’ हिलसाइडला आहे. कोठाराच्या दारात जाऊन रांग लावायची नसते. तिथला माल चर्चची तळघरे, शाळा, वाचनालये आणि नगरपालिकेची केंद्रे अशा शेकडो ठिकाणी जातो, त्या पॅन्ट्रीत आपण जायचे. फूड बँकेच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकला की पॅन्ट्रींची यादी येते. जाण्यापूर्वी फोन अवश्य करा, कारण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात वेळापत्रक बदलते आणि काही ठिकाणी सणाच्या पेटीसाठी आधी नाव नोंदवावे लागते.

कागदपत्रांचे म्हणाल तर बहुतेक ठिकाणी पत्ता दाखवणारे एखादे बिल आणि घरात माणसे किती एवढे पुरते. सरकारी योजनेतून आलेला माल असेल तर उत्पन्न अमुक रकमेच्या आत आहे असे एका कागदावर लिहून द्यावे लागते. ते स्वतःचे स्वतः जाहीर करायचे असते, पगाराच्या चिठ्ठ्या मागत नाहीत. सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा व्हिसा मी तरी आजवर कोणाला विचारलेला नाही. गाडी कोणती आहे हेही आम्ही पाहत नाही, जरी काही लोक ती दोन चौक अलीकडे लावून चालत येतात.

हिशेबनीस | १० नोव्हेंबर

मत कटू वाटेल, तरीही मांडतो. या सोयी ज्यांच्यापुढे दुसरा पर्याय नाही त्यांच्यासाठी आहेत. बेकारभत्ता मिळणाऱ्या आणि बहुधा निवृत्तीनिधीही बाळगून असलेल्या सुशिक्षित कुटुंबाने त्या रांगेत उभे राहणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलणे नव्हे काय? आधी केबल, दुसरी गाडी, भारतातील ठेवी यांचा विचार व्हावा. पुढे भेटवस्तूंचे. आपला सण दिवाळी, ती झाली. नाताळची भेट मिळाली नाही म्हणून मूल उपाशी राहत नाही.

रानजाई | १० नोव्हेंबर

हिशेबनीस, ताटाची उपमा इथे लागू पडत नाही. आमच्याकडे शनिवारी दुपारी दोन वाजता उरलेला पाव आणि पालेभाजी पुढच्या शनिवारपर्यंत टिकत नाही. एखादे कुटुंब आले नाही म्हणून ती दुसऱ्या कोणाच्या पोटात जाते असे नाही, ती पुष्कळदा कचऱ्यात जाते. निवृत्तीनिधी मोडायचा म्हणजे त्यावर दंड आणि कर भरायचा, आणि तसे करूनही दोन महिन्यांनी रांगेत यायचे. पहिल्याच महिन्यात आलेली माणसे लवकर सावरतात, वर्षभर लपवून मग आलेली घरभाडे थकवून येतात, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. मात्र एक मान्य करते. भेटवस्तूंचे तसे नाही. तिथे नग मोजके असतात आणि एकाला दिला की दुसऱ्याला उरत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करताना गरज खरी असावी हा तुमचा आग्रह रास्त आहे.

गोदाकाठ | १० नोव्हेंबर

माझे वडील नाशिकजवळच्या खेड्यातून १९४० च्या दशकात पुण्यास शिकावयास आले, तेव्हा सात घरी सात वार लावून जेवले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. बुधवारच्या घरी आमटी पातळ असे आणि शनिवारच्या घरी तूप असे, हे ते ऐंशीव्या वर्षीही सांगत. त्यांच्या तोंडी त्या घरांची आठवण यायची ती नात्यातल्या माणसांसारखी. पुढे नोकरी लागल्यावर आमच्या घरीही एका विद्यार्थ्याचा वार असे. चाफेकळी, तुमचा गुरुवार किंवा शनिवार कुठे लागतो ते पाहा आणि निःशंक जा.

हिशेबनीस | १० नोव्हेंबर

काका, तुमच्या वडिलांकडे बेकारभत्ता नव्हता.

गोदाकाठ | १० नोव्हेंबर

खरे आहे. घरभाडेही नव्हते. ते देवळाच्या ओवरीत झोपत.

ओरिगामी | १० नोव्हेंबर

मूळ प्रश्नाकडे येते. अन्नाच्या बाबतीत आज फोन केला तर या आठवड्यात मिळते, परंतु भेटवस्तूंची दारे फार लवकर बंद होतात, आणि नाताळ डिसेंबरात म्हणून डिसेंबरात चौकशी करणारे हमखास हुकतात. म्हणून हे आजच्या आज करा.

साल्व्हेशन आर्मीचे ‘एंजल ट्री’ १९७९ साली व्हर्जिनियातील लिंचबर्गमध्ये सुरू झाले. मुलाचे वय, कपड्यांचे माप आणि इच्छा एका चिठ्ठीवर लिहून ती झाडावर लावतात व कोणी अनोळखी माणूस ती उचलून वस्तू आणून देतो. याची नोंदणी बऱ्याच ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, त्यामुळे तुमच्याकडे ती संपलेली असू शकते. तरीही फोन करा, कारण नावे गळतात आणि प्रतीक्षायादी पुढे सरकते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मुलांचे जन्मदाखले बहुधा लागतात. भारतीय जन्मदाखला मराठीत असेल तर भाषांतराची प्रत सोबत न्या. आमच्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी तो कागद उलटा धरून बराच वेळ वाचला होता.

‘टॉईज फॉर टॉट्स’ हा मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या राखीव तुकडीचा उपक्रम १९४७ पासून चालतो. संकेतस्थळावर राज्य आणि काउंटी निवडली की खेळण्यांच्या मागणीचा अर्ज दिसतो. काही काउंटींत कुटुंबाचा अर्ज थेट घेतात, काही ठिकाणी फक्त संस्थांमार्फत देतात, तसे असेल तर कोणत्या संस्थेकडे जायचे ते तिथेच विचारावे लागते.

मुलीचे पत्र तयार आहेच, तर ते खरोखर टपालात टाका. टपाल खात्याच्या ‘ऑपरेशन सांता’ची सुरुवात १९१२ सालची आहे. पत्ता असा लिहायचा: १२३ एल्फ रोड, नॉर्थ पोल, ८८८८८. पाकिटावर तुमचा पूर्ण पत्ता हवा, आणि पत्रात मापे व आवडीचा रंग स्पष्ट असावा. नाव-पत्ता झाकून पत्र संकेतस्थळावर ठेवतात आणि कोणाला वाटले तर तो ते ‘दत्तक’ घेतो. हमी मात्र मुळीच नसते, म्हणून मुलीला आधीच शब्द देऊन ठेवू नका.

या सर्वांहून खात्रीचा रस्ता म्हणजे शाळेतील समुपदेशक. बहुतेक शाळांत नोव्हेंबरात भेटींचे झाड किंवा ‘कुटुंब दत्तक घ्या’ अशी काहीतरी व्यवस्था असते आणि तिची जाहिरात मुद्दाम करत नाहीत. चार ओळींचा ईमेल पुरतो.

मुक्कामपोस्ट_प्लेनो | ११ नोव्हेंबर

नाताळच्या भेटीवाचून मूल उपाशी राहत नाही हे बरोबर, पण जानेवारीत शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी वर्गात ‘तुला काय मिळाले’ हा प्रश्न प्रत्येकाला गोल बसवून विचारतात. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या मुलाची सायकल स्वतःची म्हणून सांगितली होती. आम्हाला ते मार्चमध्ये कळले.

आम्ही तेव्हा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो आणि नोकरी गेल्यावर दुसरी शोधण्यासाठी साठ दिवसांचे घड्याळ सुरू झाले होते. आमच्यासारख्यांना सरकारी फूड स्टॅम्प, म्हणजे ‘स्नॅप’, मिळत नाही. पॅन्ट्रीत मात्र कोणीही व्हिसा विचारला नाही. नॉर्थ टेक्सस फूड बँकेचे कोठार आमच्या प्लेनोतच आहे, त्यामुळे यादी मोठी होती. रविवारी आम्ही गुरुद्वारात लंगरला जात असू. तिथे अर्ज नाही, नोंदणी नाही, पंगतीत बसायचे आणि उठल्यावर वाटले तर भांडी घासायची. बायकोने पोळ्या लाटायला घेतल्या आणि नोकरी लागल्यावरही आमचा तो रविवार सुटलेला नाही. सुटीच्या दहा दिवसांत मुलांना गरम जेवण हवे असेल तर याहून सोपे काही नाही.

कायदेपंडित_नाही | ११ नोव्हेंबर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मी वकील नाही, तरी सार्वजनिक नियम असे आहेत. चर्च, गुरुद्वारा, पॅन्ट्री किंवा खेळणी वाटणाऱ्या संस्थेकडून घेतलेली मदत ‘पब्लिक चार्ज’च्या, म्हणजे अर्जदार सरकारवर बोजा ठरेल का या कसोटीच्या, हिशेबात येतच नाही. सरकारी योजनांबाबत नियम बदलत आले आहेत: २०१९ च्या नियमात स्नॅप धरले जाई, २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला आणि २०२२ च्या नियमाने मुख्यतः रोख साहाय्य व सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणे एवढेच मोजले. यात पुढे काय बदलेल हे सांगता येत नसल्याने ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून व्हायचा आहे त्यांनी वकिलाला विचारावे. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालेले आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात ही कसोटी लावत नाहीत. फक्त सलग १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहून परत येणार असाल तर प्रश्न पुन्हा निघू शकतो.

आता तुमच्या घराचे गणित. ग्रीन कार्डावरील प्रौढांना स्नॅपसाठी पाच वर्षे थांबावे लागते, पण अठरा वर्षांखालील मुलांना ती अट नाही आणि तुमचा मुलगा तर नागरिकच आहे. म्हणजे दोन्ही मुलांसाठी अर्ज करता येईल. तुमचे उत्पन्न हिशेबात धरतील, त्यामुळे रक्कम लहान निघू शकेल, आणि निर्णयाला साधारणतः तीस दिवस लागतात. मुलगा पाच वर्षांखालील असल्याने ‘विक’ ही माता व लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजनाही पाहा. तीत दूध, अंडी, कडधान्ये, फळे-भाज्या मिळतात आणि रहिवासी दर्जाची अट नाही.

टपालपेटी | ११ नोव्हेंबर

शाळेतील मोफत जेवणाचा अर्ज सप्टेंबरातच द्यायचा असतो असा समज आहे. तसे नाही. उत्पन्न घटले की वर्षात केव्हाही देता येतो. तोच ईमेल समुपदेशकांना लिहिताना हेही विचारा, आणि शुक्रवारी दप्तरातून घरी पाठवायची खाऊची पिशवी तुमच्या शाळेत आहे का तेही.

पेठेतला_पाहुणा | ११ नोव्हेंबर

आमच्याकडे २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ निघाला, तेव्हा शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल असे चार जिन्नस रेशन दुकानात मिळाले होते. पण त्यासाठी विशिष्ट रेशनकार्ड हवे. तिकडे केवळ सांगण्यावर विश्वास ठेवून पिशवी देतात, याचे नवल वाटले. लबाडी होत नाही का?

रानजाई | ११ नोव्हेंबर

होते, थोडी. एक गृहस्थ दोन आडनावांनी येतात आणि दोन्ही वेळा टोपी तीच असते. पण प्रत्येकाचे कागद तपासायला माणसे बसवायची तर तेवढ्या वेळात वाटप कोण करणार? खरी फसवणूक उलट बाजूने होते. समाजमाध्यमांवर ‘नाताळच्या मदतीसाठी वीस डॉलर नोंदणी शुल्क’ अशा जाहिराती येतात. शुल्क मागितले की तिथेच थांबा. खरी संस्था पैसे मागत नाही आणि बँकेचा तपशील तर कधीच नाही.

सुगरण_नसलेली | १२ नोव्हेंबर

शाकाहारी मंडळींसाठी अनुभवाचे बोल. पहिल्या वर्षी आम्हाला चौदा पौंडांची गोठवलेली टर्की मिळाली. ती घरात ठेवायची कुठे यावर सासूबाईंचे आणि माझे दोन तास मौन चालले, शेवटी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना दिली आणि त्यांनी तांदळाची पिशवी वर पाठवली. आता मी नाव नोंदवतानाच शाकाहारी असे सांगते. शक्यतो जिथे दुकानासारखे फिरून आपण निवडतो अशी पॅन्ट्री शोधा, म्हणजे नको ते घरी येत नाही.

डब्यांवरील बारीक अक्षरे वाचा. रीफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, भाज्यांच्या सुपात कोंबडीचे पाणी असते, मार्शमेलोत जिलेटिन असते. चण्याचे डबे भरपूर मिळतात, पाण्याने दोनदा धुतले की उसळ होते. पीनट बटर कमी गोडाचे असेल तर दाण्याच्या कुटाऐवजी वांग्याच्या भाजीत घाला, कोणाला कळत नाही. आणि नोव्हेंबरात भोपळ्याचे डबे ढिगाने येतात, त्याचे घारगे उत्तम होतात. फक्त ‘पाय मिक्स’ लिहिलेला डबा घेऊ नका, त्यात साखर आणि दालचिनी आधीच घातलेली असते. डब्यावरची ‘बेस्ट बाय’ तारीख उलटली म्हणून घाबरू नका, ती बहुधा चवीची असते, विषाची नव्हे. बाळाच्या दुधाच्या पावडरीची तारीख मात्र काटेकोर पाळा.

एका ठिकाणी रांगेतल्या स्वयंसेवकाने ‘भिकाऱ्यांना निवड नसते’ अशा अर्थाचे काही पुटपुटले होते. मी ती पॅन्ट्री बदलली. नाव लिहीत नाही, कारण तिथले बाकीचे लोक चांगले होते.

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर

एक सूचना. बऱ्याच मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला पंचपक्वान्ने होतात. मंडळाने आपल्यातल्या अडचणीतल्या कुटुंबांकडे का पाहू नये?

मुक्कामपोस्ट_प्लेनो | १२ नोव्हेंबर

सूचना चांगली आहे, पण अडचण मंडळाच्या हेतूची नसून ओळखीची आहे. पॅन्ट्रीतल्या माणसाला आमचे आडनाव उच्चारता येत नव्हते, आणि तेव्हा तेच सुखाचे वाटले. मंडळातून मदत आली असती तर पुढच्या गणपतीत आरतीचे ताट हातात घेताना कोणकोण पाहते आहे याकडेच लक्ष गेले असते. मंडळाला करायचेच असेल तर किराणा दुकानाची भेटकार्डे एका व्यक्तीकडे ठेवावीत आणि तिने नावे कोणालाही, कार्यकारिणीलासुद्धा, सांगू नयेत.

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर

कार्यकारिणीला सांगायचे नाही तर हिशेब कसा लावायचा?

ओरिगामी | १२ नोव्हेंबर

पावत्यांचा लावायचा, नावांचा नाही. तुमच्या सदस्यनामाला हे जमायला हरकत नसावी.

चाफेकळी | २४ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते लिहिते.

२-१-१ वर बारा मिनिटे थांबावे लागले, पण पुढे तीन पत्ते मिळाले. पहिला बंद पडलेला निघाला. दुसरा चर्चच्या तळघरात, गुरुवारी संध्याकाळी. गाडी आम्ही दाराशीच लावली. तांदूळ, बटाटे, कांदे, गाजरे, दूध, चण्याचे सहा डबे आणि भोपळ्याचे चार डबे मिळाले. नवरा आत यायला तयार नव्हता, पण पेट्या उचलायला माणसे कमी पडली म्हणून त्यांनी त्यालाच हाक मारली आणि तो तासभर इतरांच्या पेट्या गाड्यांत ठेवत राहिला.

‘एंजल ट्री’ची नोंदणी संपली होती, प्रतीक्षायादीत नाव आहे. ‘टॉईज फॉर टॉट्स’चा अर्ज आमच्या भागात संस्थेमार्फतच जातो असे कळले. समुपदेशकांना ईमेल रात्री अकराला लिहिला आणि सकाळी आठला उत्तर आले. शाळेत भेटींचे झाड खरेच आहे. मुलांच्या चिठ्ठ्यांवर नाव नसते, नुसता क्रमांक असतो. जेवणाचा अर्जही त्यांनीच पाठवला. ‘विक’ची भेट ३ डिसेंबरला आहे आणि स्नॅपचा अर्ज भरला आहे. सांताचे पत्र टाकले. तिने त्यात बाबांना नोकरी मागितली आहे आणि स्वतःसाठी जांभळे बूट, माप मात्र लिहिले नव्हते, ते मी खाली घातले.

हिशेबनीस, तुमच्या म्हणण्यावरून आम्ही केबल बंद केली. दुसरी गाडी नव्हतीच.

हिशेबनीस | २४ नोव्हेंबर

चला, एक तरी सूचना उपयोगी पडली. बुटांचे माप एक अंक मोठे लिहिले आहे ना? हिवाळ्यात जाड मोजे लागतात.

रानजाई | २५ नोव्हेंबर

जानेवारीतही गुरुवार चुकवू नका. सणाच्या महिन्यात देणारे आणि स्वयंसेवक दोन्ही ओसंडून वाहतात, फेब्रुवारीपर्यंत फळ्या रिकाम्या होतात, त्यामुळे लवकर जाणे बरे. २०२५ मध्ये केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद राहिले आणि नोव्हेंबरचे स्नॅप अडकले, तेव्हा आमची रांग पार्किंग ओलांडून रस्त्यावर गेली होती. एकाच दारावर विसंबू नये हे त्या महिन्यात कळले. आणि पेट्या उचलणाऱ्या माणसाची आम्हालाही गरज आहे, असे यजमानांना सांगा.

चाफेकळी | २५ नोव्हेंबर

सांगितले. दर गुरुवारी जाणार आहे म्हणतो. सुगरण_नसलेली, एका डब्याला गूळ किती? पहिल्या खेपेचे घारगे तेलात फुटले.

सुगरण_नसलेली | २५ नोव्हेंबर

एका डब्याला पाऊण वाटी. डब्यातला भोपळा पाणीदार असतो, म्हणून आधी कढईत गुळासह आटवून घ्या आणि गार झाल्यावरच त्यात मावेल तेवढी कणीक घाला.